ताईचं लिव्हर

ताई गाडी चालवायला शिकवायची. तिच्या भागातले निम्मे ड्रायव्हर तिच्या हाताखालून गेलेले होते, आणि उरलेल्या निम्म्यांना रस्त्यात बघून ती म्हणायची, "हे कुणाकडे शिकले कोण जाणे." तिच्या छोट्या पांढऱ्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा एक ब्रेक होता. शिकणारा घाबरून भलतंच काही करायला लागला की ताई आवाज न चढवता तो ब्रेक दाबायची आणि शांतपणे सांगायची, "आता आपण दोघंही मेलो. चला, पुन्हा सुरू करू."

एके दिवशी तिचा पाय त्या ब्रेकवर वेळेवर गेला नाही. शिकायला आलेल्या बाईंनी गाडी पुलाच्या कठड्याला घासत नेली. कुणाला काही लागलं नाही, पण ताई गाडीतून उतरली ती मांडी दाबत. मांडीच्या मागच्या बाजूला बरेच दिवस एक गाठ होती. सतत बसून बसून झाली असेल म्हणून तिने तिच्याकडे कानाडोळा केला होता. शिकणाऱ्याचा जीव आपल्या पायावर अवलंबून असतो, हे एकदा मनाने घेतल्यावर मात्र ती दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेली.

गाठ चांगली नव्हती. ऑपरेशन करून ती काढली, तिच्यासोबत मांडीचा बराचसा स्नायूही गेला. पुढे फुफ्फुसांत ठिपके दिसले. मग औषधं झाली. औषधांनी केस गेले, चव गेली, नखं काळी पडली. ठिपके तेवढे जिथल्या तिथे राहिले आणि नंतर वाढायला लागले. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी खुर्ची ओढून ताईच्या समोर बसत सांगितलं की नेहमीच्या औषधांनी आता हात टेकले आहेत.

ताईने हे सगळ्यात आधी धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं. धाकटी चाळिशी ओलांडलेली होती, पण घरात तिला अजून टिचकी म्हणत. जन्मली तेव्हा इतकी लहान होती, की एक टिचकी मारली तर उडून जाईल असं ताई म्हणाली होती आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आई लवकर गेली. टिचकीच्या वेण्या ताईने घातल्या, शाळेच्या फाटकापर्यंत ताईने पोहोचवलं, पहिल्यांदा नापास झाली तेव्हा बाबांना ते ताईनेच सांगितलं, तेही ते जेवून तृप्त झाल्यावर.

"टिचके," फोनवर ताई म्हणाली, "इथली दुकानं सगळी बंद झाली. आता तुझ्या दुकानात काय आहे ते दाखव."

टिचकीला या वाक्याचीच भीती होती.

तिचं दुकान म्हणजे इस्पितळाला लागून असलेली संशोधन संस्था. तिथे तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत ती सूक्ष्मदर्शकापाशी बसायची. संस्थेने एक व्हायरस तयार केला होता. मुळात साधा सर्दीचा व्हायरस, पण त्याच्यात असे बदल केले होते की निरोगी पेशीत तो मुकाट बसून राहायचा आणि गाठीच्या पेशीत शिरला की तिथे वाढून वाढून तिला फोडायचा. काचेच्या ताटलीत त्याचं काम बघून नवीन आलेली मुलं हरखून जात. थेट गाठीत सुईने सोडला तरी तो कामाला लागायचा. पण फुफ्फुसभर विखुरलेल्या ठिपक्यांत एकेक करून सुई कोण घालणार? तिथे पोहोचायचं तर रक्तातूनच जायला हवं. आणि रक्तातून जायचं म्हटलं की वाटेत लिव्हर.

टिचकीने आयुष्यातली उमेदीची वर्षं या एका गोष्टीत घातली होती: व्हायरस रक्तात सोडल्यावर लिव्हर त्याचं काय करतं. हृदयातून निघालेल्या रक्ताचा मोठा वाटा फिरून फिरून लिव्हरमधून जातो. तिथे गेल्यावर रक्ताची धाव मंदावते, कारण पुढे अगदी बारीक बारीक वाटा असतात. त्या वाटांच्या भिंतींना धरून काही पेशी हातपाय पसरून बसलेल्या असतात. त्यांना कुप्फर पेशी म्हणतात. रक्तातून कुठलाही उपरा आला, जंतू असो, व्हायरस असो, की त्या त्याला धरतात आणि गिळतात. त्यांच्या हातून जे निसटतं, त्यातलं बरंचसं त्या वाटांचं अस्तरच शोषून घेतं. संस्थेचा व्हायरस गिळणं या पेशींना पचायचं नाही. गिळल्यावर त्यातल्या कितीतरी मरून जायच्या. तरी गिळायच्या. काही दिवसांनी त्यांच्या जागी नव्या येऊन बसायच्या आणि त्याही तेच करायच्या.

संस्थेत जो तो लिव्हरला शिव्या घालायचा. टिचकी घालत नसे. इतकी वर्षं रोज बघून तिला त्या पेशींविषयी एक प्रकारचा आदर वाटायला लागला होता.

ती संध्याकाळी ताईकडे गेली ती लॅपटॉप घेऊनच. भावजी जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसून कवळी घासत होते. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणं हा त्यांचा धंदा. घरी काम आणू नका असं ताई लग्न झाल्यापासून सांगत आली होती आणि ते लग्न झाल्यापासून आणत आले होते. ताई भिंतीला टेकून, दुखरा पाय स्टुलावर ठेवून बसली होती.

"ताई, मी तुला आधी एक दाखवते. मग तू ठरव."

पडद्यावर उंदराच्या लिव्हरचं चित्रण सुरू झालं. निळसर वाटा, त्यांच्या कडेला जांभळट पेशी, आणि मग एका बाजूने हिरव्या ठिपक्यांचा लोंढा.

"हे हिरवं म्हणजे औषध?" ताईने विचारलं.

"हो."

"आणि हे कडेला पसरून बसलेत ते?"

"ते लिव्हरचे पहारेकरी."

ताई बघत राहिली. बघता बघता जांभळट पेशी हिरव्या होत गेल्या आणि वाटा पुन्हा निळ्या झाल्या. एखाद-दुसरा चुकार ठिपका इकडून तिकडे वाहत गेला, तोही पुढे कुठेतरी अडकला.

"सगळं खाल्लं?"

"जवळजवळ."

"मग बाकीच्या शरीराला काय मिळतं?"

"उष्टं," टिचकी म्हणाली.

ताई हसली आणि हसता हसता तिला खोकला आला. खोकला थांबेपर्यंत भावजींनी कवळी खाली ठेवली नाही, पण घासायचं थांबवलं होतं.

"त्यांना कुणी सांगू शकत नाही का, की हा आपला माणूस आहे, येऊ द्या म्हणून?"

"तेच तर जमत नाहीये, ताई. कितीतरी वर्षं."

"तुझ्या भावजींसारखेच आहेत. दारात कुणी आलं की आधी हाकलायचं आणि मग विचारायचं कोण होतं."

"मी कुणाला हाकललं?" भावजी म्हणाले.

"विम्याच्या माणसाला."

"त्याला सगळेच हाकलतात."

टिचकीने लॅपटॉप मिटला. तिने सांगितलं ते सरळ सांगितलं. इस्पितळात या व्हायरसची माणसांवर चाचणी सुरू आहे. ताईला त्यात घेतील, कारण तिच्यासारख्याच रुग्णांसाठी ती आहे. पण आतापर्यंत ज्यांना दिला त्यांच्यात फार काही झालेलं नाही. रक्तात सोडला की माणसाचं लिव्हरही उंदराच्या लिव्हरसारखंच वागतं.

"फार काही म्हणजे थोडं झालंय?"

"नाही. म्हणजे नाहीच झालेलं."

"मग तसं सांग ना," ताई म्हणाली. "माझं लिव्हर कसं आहे?"

"उत्तम आहे. इतक्या औषधांनंतरही सगळे आकडे चांगले आहेत."

"आयुष्यात दारूला शिवले नाही, त्याची ही फळं," ताई म्हणाली. मग गंभीर होऊन तिने विचारलं, "घेतल्याने लवकर मरेन का?"

"बहुतेक नाही."

"मग घेऊ. घरी बसून यांच्या कवळ्या बघण्यापेक्षा बरं."

टिचकी सख्खी बहीण, म्हणून संस्थेच्या प्रमुखांनी तिला ताईच्या बाबतीतल्या सगळ्या कामातून बाजूला केलं. नियमच तसा होता आणि तो योग्यही होता. ताईच्या रक्ताचे नमुने दुसरा सहकारी तपासणार होता. टिचकी त्याच मजल्यावर, दोन दारं सोडून बसत होती. नमुने आले की तिला पायांच्या आवाजावरून कळायचं.

पहिला डोस सकाळी दिला. औषध म्हणजे पाण्यासारखी स्वच्छ, छोटी पिशवी. ताईने ती उजेडासमोर धरून बघायला मागितली. "यात तुझी इतकी वर्षं आहेत होय?" ती म्हणाली. दुपारी तिला थंडी वाजून ताप भरला, दात वाजायला लागले. संध्याकाळी ताप उतरला आणि तिने सूप मागितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताप म्हणजे शरीराने पाहुण्याची दखल घेतली. त्यापलीकडे त्याचा अर्थ काढू नका.

पुढे कळलं ते टिचकीला आधीपासून ठाऊक होतं. डोस संपल्यावर थोड्याच वेळात घेतलेल्या रक्तात व्हायरस जवळजवळ नव्हताच. ताईच्या उत्तम लिव्हरने त्याला उत्तम रीतीने साफ केलं होतं. पुढचे डोसही तसेच गेले. स्कॅनमध्ये ठिपके वाढले होते, आणि आता त्यांना ठिपके म्हणणंही लाजिरवाणं झालं होतं.

चाचणीचा दुसरा एक भाग होता. डॉक्टरीणबाईंनी तो ताई आणि भावजींना समजावला तेव्हा ताईच्या आग्रहावरून टिचकीही तिथे बसली होती, फक्त बहीण म्हणून. व्हायरस देण्याआधी रक्तात एक वेगळीच चीज सोडायची. चरबीचे अगदी सूक्ष्म, निरुपद्रवी गोळे. लिव्हरच्या पहारेकरी पेशी तेच गिळत सुटतात, गिळून गिळून त्यांची पोटं भरतात, आणि मागून व्हायरस येतो तेव्हा त्यांना तोंड उघडायला जागा उरत नाही. उंदरांत हे जमलं होतं. माणसांत नुकतंच सुरू झालं होतं.

"आणि धोका?" भावजींनी विचारलं.

"धोका हाच, की पोटं भरलेली असताना त्या बाकीचंही काही धरणार नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपल्या आतड्यांतून, हिरड्यांतून रक्तात रोज काही ना काही जंतू शिरत असतात. आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण लिव्हर ते निस्तरतं. काही दिवस ते निस्तरणार नाही. आम्ही जंतूंची औषधं देऊ, वेगळ्या खोलीत ठेवू. पण धोका आहे, आणि तो लहान नाही."

बाहेरच्या बाकावर तिघं येऊन बसली. समोर एक माणूस फरशी पुसत होता.

"टिचके, तू काय म्हणतेस?" भावजींनी विचारलं.

"मला या बाबतीत बोलायची परवानगी नाही."

"परवानगी गेली खड्ड्यात," भावजी म्हणाले. हा माणूस इतका कडक कधी बोलत नसे. "मी संस्थेला विचारत नाहीये. तुला विचारतोय."

टिचकीने उंदरांचा विचार केला. त्यांचे पिंजरे उकळत्या वाफेने धुतलेले असत, त्यांना मिळणारी हवा गाळलेली असे. ते तिने सांगितलं. उंदीर वाचले, कारण त्यांना दुसरं काही होऊच दिलं नव्हतं, आणि माणसाला असं ठेवता येत नाही. व्हायरस फुफ्फुसांपर्यंत पोहोचलाच, तर तो काम करेल असं तिला मनापासून वाटतं, हेही तिने सांगितलं.

"पुढे?" ताई म्हणाली.

"घे," टिचकी म्हणाली.

ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "मी घेणारच होते. पण तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. गाडी उभी ठेवून गंजवण्यापेक्षा रस्त्यावर तरी जाऊ दे."

ताईला कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं. आत जायचं तर हात धुऊन, अंगावर झगा चढवून, तोंड झाकून. चरबीच्या गोळ्यांचं औषध दुधासारखं पांढरं होतं. ते संपल्यावर व्हायरस लावला. या वेळी सहकाऱ्याच्या पायांचा आवाज टिचकीला ऐकू आला तो धावण्याचा. तो दाराशी येऊन थांबला. तिला काही सांगायची त्याला मुभा नव्हती. त्याने सांगितलं नाही, पण त्याचा चेहरा लपत नव्हता. ताईच्या रक्तात व्हायरस होता. बराच वेळ होता.

टिचकी प्रसाधनगृहात जाऊन रडली. आनंदाने रडायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ते थांबवायचं कसं हेही कळेना.

तिसऱ्या दिवशी ताईला हुडहुडी भरली. हा ताप पहिल्यासारखा नव्हता. रक्तदाब कोसळला, ओठ निळे पडले, ती भावजींना ओळखेना. रक्तात जंतू सापडले, अगदी मामुली, प्रत्येकाच्या आतड्यात मुक्कामाला असणारे. एरवी लिव्हरच्या दारातच संपले असते. तिला अतिदक्षता विभागात हलवलं. काचेपलीकडून टिचकीला ताईचा फक्त पाय दिसत होता, चादरीबाहेर आलेला, सुजलेला. ती मनात त्या जांभळट पेशींना हाका मारत होती. इतकी वर्षं ज्यांना चुकवायच्या वाटा शोधल्या, त्यांनी आता लवकर परत यावं म्हणून ती मिनतवाऱ्या करत होती. भावजी शेजारी उभे होते. त्यांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

ताई वाचली. कशी वाचली ते डॉक्टरीणबाईंनाही नीट सांगता आलं नाही. जंतूंचं औषध लागू पडलं, लिव्हर हळूहळू जागं झालं, आणि काही दिवसांनी ती उशीला टेकून बसली. तिचा पहिला प्रश्न होता, "मी किती लोकांना शिव्या दिल्या?"

"फक्त मला," भावजी म्हणाले.

"मग ठीक आहे."

त्यानंतरच्या स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसातल्या गाठी लहान झालेल्या होत्या. सगळ्या नाही. पण ज्या झाल्या होत्या त्या नजरेला दिसतील इतक्या झाल्या होत्या. एक तर जवळपास विरली होती. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवली, आणि इतका वेळ घट्ट धरून ठेवलेला त्यांचा आवाज जरा सैल झाला. ताईची धाप कमी झाली. ती घरी आली. जिना एकदाच थांबून चढली. जेवणात मीठ कमी आहे अशी तक्रार केली, म्हणजे चव परत आली होती. जुन्या शिकाऊंना फोन करून सांगितलं की उन्हाळा संपला की पुन्हा सुरू करतेय. भावजींनी घरी काम आणणं थांबवलं आणि संध्याकाळी तिला गच्चीवर फिरवायला लागले. टिचकी त्या दिवसांत रोज जायची. ताई जे काही बोलेल त्याला हो म्हणायची, आणि आपण फार हो म्हणतोय हे तिला कळत होतं.

कारण बाकीचं तिला ठाऊक होतं. लिव्हरमधल्या मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येऊन बसल्या होत्या. शिवाय आता ताईच्या रक्ताने त्या व्हायरसला नीट ओळखून ठेवलं होतं. पुढच्या खेपेला तो आत शिरताच रक्तातली प्रथिनं त्याच्यावर चिकटणार, जणू पाठीवर शिक्का मारणार, आणि तसा शिक्का बसलेला व्हायरस लिव्हर पहिल्याहून झटक्यात उचलणार.

तसंच झालं. पुढचा साधा डोस दिला, तो रक्तात शोधायलाही सापडला नाही.

आता एकच वाट होती. पुन्हा चरबीचे गोळे, जास्त प्रमाणात. डॉक्टरीणबाईंनी नाही म्हटलं. ताईने कारण विचारलं नाही. टिचकी मात्र दुपारी त्यांच्या खोलीत गेली. बसायला सांगितलं तरी बसली नाही.

"तुम्ही पाहिलंत ना, लहान झाल्या होत्या गाठी."

"पाहिलं."

"म्हणजे पोहोचला तर चालतो. एकदा अजून पोहोचवू द्या."

"मागच्या वेळी त्या कशाबशा वाचल्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता त्यांची तेवढी ताकद नाही. आणि समजा लिव्हरला थोपवलं, तरी रक्तातल्या प्रथिनांचं काय कराल? ती व्हायरसला आधीच निकामी करतील. हे मी तुम्हाला सांगायचं का?"

हेच वाक्य टिचकीने स्वतः दोन वर्षांपूर्वी एका सभेत, फळ्यावर आकृती काढून, सगळ्यांना पटवून दिलं होतं.

"मी तिला काय सांगू?" ती म्हणाली.

"मी सांगते. ते माझं काम आहे." डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "तुम्ही नुसत्या जाऊन बसा तिच्याजवळ."

टिचकी जाऊन बसली. गाठींना मात्र बसून राहायचं नव्हतं. आधी डावीकडच्या वाढल्या, मग उजवीकडच्या परत आल्या, विरलेली सुद्धा. ताईला आडवं झोपता येईना. खिडकीजवळच्या खुर्चीत उशांच्या आधाराने बसून ती खालच्या रस्त्यावरच्या गाड्या बघायची. नाकात प्राणवायूची नळी. बोलायला श्वास पुरत नव्हता, म्हणून ती निवडून बोलायची. कोपऱ्यावर कुणी सिग्नल न देता वळला तर नुसती मान हलवायची.

एकदा भावजी औषध आणायला गेलेले असताना तिने टिचकीचा हात धरला.

"टिचके, खरं सांग. आता काही नाही ना?"

"नाही, ताई."

"बरं." ती बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. "मला राग येतो गं. मी तयार झाले होते. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा. मनाची आवराआवर झाली होती. मग ते बरं वाटायला लागलं आणि मी सगळं पुन्हा पसरून बसले. आता पुन्हा आवरायला दम नाही."

टिचकीने ताईचा हात दाबला. ताईने तो हळूच सोडवून घेतला. रागाने नाही, खाज आली होती म्हणून. पण टिचकीला तो सुटलेला हात पुढे कितीतरी दिवस जाणवत राहिला.

"मला भीती वाटते," ताई म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच तिने टिचकीला असं काही सांगितलं असेल. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून इतकी वर्षं जिने कुणालाच आपली भीती दिसू दिली नव्हती, ती आता लहान मुलीसारखी खिडकीकडे तोंड फिरवून रडली. रडायलाही श्वास लागतो. तो नव्हता, म्हणून रडणंही अर्ध्यावर राहिलं.

ताई गेली ती दुपारी. शेवटचे दोन दिवस तिला गुंगीच्या औषधावर ठेवलं होतं. शांत गेली असं म्हणायची रीत आहे. पण ती शांत गेली नाही. औषधाखालीही तिची छाती हवेसाठी झगडत राहिली आणि मग थांबली. भावजींनी तिच्या तोंडावरचे केस मागे सारले. नुकतेच कुठे उगवायला लागले होते ते.

ताईने आधीच लिहून दिलं होतं, की आपल्या शरीरातून संशोधनाला हवं ते घ्यावं. त्यामुळे तिच्या लिव्हरचा एक तुकडा टिचकीच्या संस्थेत आला. तो कोणाचा हे नमुन्यावर लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना माहीत होतं. सहकारी तिच्या दाराशी आला आणि बघायचं आहे का असं त्याने अडखळत विचारलं. ती नाही म्हणाली. मग त्याला जाऊ देता देता तिने विचारलं, "कसं आहे?"

"अगदी निरोगी," तो म्हणाला. "सगळ्या पेशी जागेवर आहेत."

चरबीच्या गोळ्यांचा प्रयोग बंद झाला. आणखी एका रुग्णाला ताईसारखाच ताप आला होता आणि तो वाचला नव्हता. प्रमुखांनी टिचकीला बोलावून सांगितलं की तुझ्या बहिणीमुळे आपल्याला खूप कळलं. ते भल्या मनाने बोलत होते. टिचकीने मान हलवली आणि त्यांच्या टेबलावरच्या कुंडीतल्या रोपाकडे बघत राहिली. काय कळलं होतं? पोहोचला तर चालतो, आणि पोहोचत नाही. हे तर आधीही माहीत होतं.

सुट्टीच्या दिवशी ती भावजींकडे जायची. पहिल्या काही वेळा ते हवापाण्याचं बोलले. मग एकदा, चहा पिता पिता, ते कपाकडे बघत म्हणाले, "तुला एक सांगायचं होतं. वाईट वाटून घेऊ नको, किंवा घे, मला काय."

"सांगा ना, भावजी."

"तू घे म्हणालीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मीच विचारलं होतं. ताप आला त्याबद्दलही नाही." ते थांबले. "पण ते मधले बरे दिवस. ते नको होते. ती गच्चीवर चालत होती तेव्हा मी पुढच्या वर्षीचं बोलत होतो तिच्याशी. घराला रंग कुठला द्यायचा ते. तिने हिरवा सांगितला."

टिचकीने कप खाली ठेवला.

"मला आता तो रंग डोळ्यांपुढून जात नाही," भावजी म्हणाले. "ते दिवस मिळाले नसते तर मी तिला नीट निरोप दिला असता. तू तुझ्या परीने चांगलंच केलंस. पण तुझं तोंड पाहिलं की मला ती गच्ची आठवते. तू जरा कमी येत जा."

"किती कमी?" तिने विचारलं, आणि विचारल्यावर तिला स्वतःचीच कीव आली.

भावजींनी खांदे उडवले. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तिने दोन्ही कप धुतले, पालथे घातले, हात पुसले. निघताना दार तिने स्वतःच ओढून घेतलं. खाली रस्त्यावर आल्यावर तिला आठवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी उंदरांची नवी तुकडी येणार आहे आणि त्यांचे पिंजरे अजून वाफेने धुवायचे आहेत. ती संस्थेच्या दिशेने चालायला लागली, कारण दुसरीकडे कुठे जायचं तिला सुचलं नाही.